दर्शनाचा हट्ट

हल्लीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून उन्हाळ्याच्या सुटींत जंगलास जाण्याची चाल पडली आहे. पूर्वीं माथेरान किंवा महाबळेश्वर येथें जाऊन आलेल्या मंडळींस लोक हवापाण्याविषयीं विचारीत, आतां ताडोबा, पेंच किंवा कान्हा येथून परतलेल्या मंडळींस उंबरठ्यावरच एक प्रश्न विचारण्यांत येतो : "दिसला का?" काय दिसला, हें सांगावें लागत नाहीं. उत्तर होकारार्थी असलें तर चहा होतो, छायाचित्रें पाहिलीं जातात, आणि वाघ गाडीपासून किती हातांवर होता याची चर्चा रंगते. उत्तर नकारार्थी असलें तर सुतकांत भेटावयास आल्यासारखी मुद्रा करून "चालायचेंच" असें म्हटलें जातें, आणि मग खर्चाचा आंकडा निघतो. पैसे बुडाले, असा एकंदर सूर.

सारा घोटाळा ह्या प्रश्नांतच आहे असें आमचें म्हणणें आहे. वाघ पाहण्याची इच्छा होणें यांत गैर कांहीं नाहीं. आम्हांसही ती आहे. पण वाघ दिसणें हा तिकिटाबरोबर विकत मिळालेला हक्क आहे, आणि तो पदरीं न पडल्यास कोणाला तरी जाब विचारला पाहिजे, ही समजूत रानाच्या, वाटाड्याच्या आणि पाहणाराच्याही मुळावर आलेली आहे. तिच्यावर आमच्या मतें एकच उतारा आहे आणि तो जुना आहे : गाडींतून उतरावें, आणि जाणत्या माणसाच्या मागून पायीं चालावें.

‘सफारी’ हा शब्द इंग्रजींतून आपल्याकडे आला म्हणून तो इंग्रजीच वाटतो. वस्तुतः तो पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेचा. तिनें तो अरबींतून घेतला, आणि त्याच अरबी मुळापासून फारशीच्या वाटेनें आपल्या घरीं ‘सफर’ आली. म्हणजे ज्या शब्दाचा आपण एवढा बडेजाव करतों तो आपल्या आजोबांच्या तोंडीं होता. सफारी म्हणजे प्रवास. त्या शब्दांत वाघ नाहीं, सिंह नाहीं, उघडी जीप तर मुळींच नाहीं. आफ्रिकेच्या अंतर्भागांतून किनाऱ्याकडे हस्तिदंताचे भारे डोक्यावर घेऊन जे तांडे येत, त्यांची ती सफारी पायांनींच होई.

आज जिला पायीं सफारी म्हणतात, तिचा उगम लुआंग्वा नदीच्या खोऱ्यांत दाखवितात. हा प्रदेश त्या काळीं उत्तर ऱ्होडेशियांत मोडे. १९६४ पासून तो झांबिया ह्या स्वतंत्र देशांत आहे. तेथें नॉर्मन कार नांवाचा एक अधिकारी होता. पिकांत शिरणाऱ्या हत्तींचा बंदोबस्त, म्हणजे स्पष्टच सांगावयाचें तर हत्ती मारणें, हें त्याचें पूर्वीचें काम. ह्याच गृहस्थानें १९५० सालीं न्सेफू ह्या स्थानिक जमातप्रमुखापुढें एक विचार मांडला : परक्या लोकांनीं येथें येऊन जनावर मारण्याऐवजीं तें नुसतें पाहावें, त्याबद्दल पैसे द्यावे, आणि ते पैसे येथल्या लोकांस मिळावे. तसें मुक्कामाचें ठिकाण उभें राहिलें, पाहुणे आले, आणि वाटाड्याच्या मागून चालूं लागले. आजही त्या खोऱ्यांत पुढें बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागें वाटाड्या आणि त्याच्यामागें एका रांगेंत मोजके पाहुणे अशी चाल असते. बोलणें हळू आणि खुणांचें. वाटाड्या हत्तीच्या लेंड्यापाशीं थांबतो, वारुळापाशीं थांबतो, रात्रीं तरस कोठून गेलें तें दाखवितो. सिंह दिसलाच तर दुरून दिसतो, आणि तो उठून चालूं लागण्याच्या आंत पाहुण्यांना मागें वळावें लागतें. ह्या व्यवस्थेंत दोष नाहींत असें नाहीं. पैसेवाल्या गोऱ्या पाहुण्यांसाठींच ती मुख्यतः वाढली, हें उघड आहे. तथापि तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे : त्या व्यवहारांत विकली गेली ती वाट, जनावर नव्हे.

आमच्याकडे काय झालें? १९७२ च्या कायद्यानें शिकारीस आळा बसला, व्याघ्रप्रकल्प निघाले, वाघ वांचला. ही सर्व अभिमानाचीच गोष्ट. परंतु शिकाऱ्याची बंदूक गेली तरी शिकाऱ्याची भूक गेली नाहीं. ती छायाचित्राच्या यंत्रांत शिरली. पहांटे फाटकापाशीं गाड्यांची रांग लागते. फाटक उघडलें कीं धुरळा उडवीत त्या निघतात. एकीकडे कोठें वाघ दिसल्याची कुणकुण लागली कीं साऱ्या तिकडे वळतात. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन कांहीं महिने थांबविलें होतें. पुढें नियमावली झाली, गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनास देऊं नये असें ठरलें, आणि ऑक्टोबरांत फाटकें पुन्हा उघडलीं. नियम झाले, पण वृत्ति तीच राहिली. २०२४ च्या ३१ डिसेंबरला आमच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्त्यावर आली असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं तिची वाट दोन्ही बाजूंनीं अडविली. त्याचीं चित्रें देशभर फिरलीं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन त्याची दखल घेतली.

शिक्षा कोणास झाली? गाडी हांकणारांस आणि वाटाड्यांस. त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें, दंड झाले. ते निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या गाड्यांत मागच्या बाकांवर कोण बसलें होतें? वर्षाचा शेवटचा दिवस साजरा करावयास आलेली आमच्यासारखींच माणसें. "जरा पुढें घे, जरा पुढें घे" हें कोण म्हणालें असेल, तें सांगण्यास साक्षीदार नको. गाडी पुढें घेणाराची रोजी गेली. पुढें घ्यावयास लावणारांनीं घरीं येऊन चित्रें दाखविलीं.

वाटाड्याची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. तो बहुधा त्याच रानाच्या कडेच्या गांवांतला असतो; कित्येकदां त्याच्या बापाचें गांव रानाच्या आंत होतें. ताडोबाच्या गाभ्यांतून बोटेझरी, नवेगाव, जामणी हीं गांवें ह्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उठून बाहेर गेलीं. मेळघाटांतून कोरकूंचीं गांवें तशींच हललीं. ज्या जागीं त्याच्या आजीनें चूल मांडली, तेथें तो आज वर्दी घालून परक्यांना वाघ दाखवितो. आणि वाघ दिसला नाहीं तर त्यानें अपराध्यासारखें खालीं पाहावें अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. वाघ दिसला म्हणजे इनाम. नाहीं दिसला तर "ह्याला कांहीं माहीत नाहीं" असा शेरा. देवळांतल्या बडव्यालाही आम्ही इतका जाब विचारीत नाहीं. ह्या धाकाखालीं राहणारा माणूस काय करील? तो पाणवठ्यावरून पाणवठ्यावर गाडी पळवील, ठरलेल्या वाघिणीच्या ठरलेल्या वाटेवर उभा राहील, आणि रानाबद्दलचें त्याचें जें खरें ज्ञान, तें तो कोणाला सांगणारच नाहीं; कारण तें कोणी विचारीत नाहीं. हा ज्ञानाचा अपव्यय आम्हांस त्या दिवशींच्या धुरळ्याहून अधिक जाचतो.

आतां पायीं चालण्यानें काय होतें तें पाहूं. सातपुड्याच्या मध्यप्रदेशांतील भागांत, मढई व चुर्ण्याच्या बाजूस, वाटाड्याबरोबर पायीं हिंडण्याची सोय पुष्कळ वर्षें आहे. मेळघाटाच्या बाहेरच्या पट्ट्यांतही कांहीं वाटा चालतां येतात. तेथें एका मार्चांत आम्ही पांचसहाजण एका कोरकू वाटाड्याच्या मागून चाललों होतों. तो आमच्याशीं वऱ्हाडींत बोले. फार थोडें बोले. एका कोरड्या नाल्याच्या वाळूंत तो उकिडवा बसला. वाळूंत वाघाच्या पंजाचे ठसे होते, हें आम्हांसही दिसलें. पण एका ठशावरून किड्याच्या चालण्याची बारीक रेघ आडवी गेली होती आणि पुढच्या ठशावर ती नव्हती, हें त्यानें काडीनें दाखविल्यावर दिसलें. मागचा ठसा रात्रींचा, किडे हिंडण्याच्या आधींचा, पुढचा पहांटेचा. वाघ एकदां गेला होता आणि पुन्हा त्याच वाटेनें परतला होता. पुढें शंभर पावलांवर त्यानें एका पळसाच्या बुंध्याशीं आम्हांस नाक नेण्यास सांगितलें. ओल्या झालेल्या त्या बुंध्यास नवा सुवासिक तांदूळ शिजत असल्यासारखा वास येत होता. वाघ आपल्या हद्दीवर जी फवार सोडतो तिला हा वास असतो. बासमतीच्या वासांत जें द्रव्य असतें, तेंच तिच्यांतही सांपडलें आहे. मग टेकडीवरून वानराची खरखर उठली, आणि क्षणानें सांबराचा एक ठोका, ‘पोंक्’. वाटाड्यानें हात वर केला. आम्ही उभे राहिलों. पांच मिनिटें, दहा मिनिटें. पुन्हा कांहीं नाहीं. आमच्यांतल्या एका तरुण मित्रास राहवेना. त्यानें हळूच विचारलें, "दादा, मग दिसणार केव्हां?" तो म्हणाला, "त्यानं आपल्याले पाह्यलं न साहेब. आपन त्याले नाही पाह्यलं, येवढंच."

त्यानंतर दीड तास आम्ही चाललों. अस्वलानें उकरलेलें वारूळ पाहिलें. मधासाठीं चढतांना त्यानें झाडाच्या सालीवर काढलेले ओरखडे पाहिले, जुने काळे पडलेले आणि नवे पिवळे. पांढऱ्या सालीचा कांडोळ उन्हांत भुतासारखा उभा होता. मोहाच्या झाडाखालीं फुलें वेंचून झालेली स्वच्छ जागा होती आणि ती कोणी झाडली हेंही वाटाड्यास ठाऊक होतें. वाघ दिसला नाहीं. पण वाघ त्या सर्व वेळांत तेथें होता. गाडींतून ज्यांना तो वीस हातांवर दिसतो त्यांना तो चित्रासारखा दिसतो. तो येण्यापूर्वीं रानांत काय झालें आणि तो गेल्यावर काय झालें ह्याचा त्यांना पत्ता नसतो. गोष्टीचें पुस्तक मध्येंच उघडून त्यांतलें रंगीत चित्र तेवढें पाहावें व पुस्तक मिटावें, तसें तें.

महाराष्ट्राला तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागूं नये. आषाढींत आळंदीहून निघालेला माणूस पायीं चालत पंढरपुरास पोंचतो, आणि तेथें दर्शनाची रांग इतकी असते कीं पुष्कळांना गाभाऱ्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. ते कळसास हात जोडून परततात. वारी फुकट गेली असें त्यांतला एकही म्हणत नाहीं. त्याच लोकांचीं मुलें-नातवंडें चार फेऱ्यांचे पैसे भरून रानांत जातात आणि वाघ न दिसल्यास फाटकावर भांडतात, ह्याला काय म्हणावें?

दिसण्याच्या हट्टापायीं माणूस कोठवर जातो, ह्याचें एक विलक्षण उदाहरण आमच्या खानदेशाशींच निगडित आहे. रानपिंगळा हें एक लहानसें घुबड. त्याचें शास्त्रीय वर्णन अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यानें १८७३ सालीं केलें. राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढें आलेले ते हेच ह्यूमसाहेब. खानदेशांत मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसननें शहादे-तळोद्याच्या बाजूस त्याचे कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर तो पक्षी कोणाच्या हातीं लागला नाहीं. पुढें रिचर्ड माइनर्टझहागेन नांवाच्या नामांकित इंग्रज लष्करी पक्षितज्ज्ञानें असें जाहीर केलें कीं, १९१४ मध्यें गुजरातेंत तापीकांठीं मांडवी येथें आपणांस तो मिळाला. त्याच्या संग्रहांत कातडें होतें, त्यावर तारखेची व गांवाची चिठ्ठी होती. मग शंका कोण घेणार? पुष्कळ वर्षांनीं पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यानें तें कातडें बारकाईनें तपासलें, तेव्हां निघालें कीं तें डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकीं एक असून ब्रिटिश संग्रहालयांतून लांबविलेलें होतें. आंतलें भरण बदललें, चिठ्ठी खोटी लिहिली, आणि ‘मीं पाहिला’ ह्या मानाचे धनी साहेब झाले! शोधकांची दिशा त्या चिठ्ठीनें चुकविली ती चुकविलीच.

चिठ्ठी खोटी ठरतांच बाईंनीं ती बाजूस सारली आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागानें त्या निघाल्या. १९९७ च्या नोव्हेंबरांत बेन किंग व डेव्हिड अॅबट ह्या दोघां सोबत्यांसह त्या पूर्वेकडील जुन्या ठिकाणीं हिंडल्या. तेथें कांहीं मिळालें नाहीं. मग शहाद्यास आल्या, आणि २५ नोव्हेंबरला सकाळच्या उन्हांत, झाडाच्या उघड्या शेंड्यावर, रानपिंगळा बसलेला दिसला. एकशें तेरा वर्षांनीं! हें घुबड दिवसा उघड्यावर बसतें. त्या टेकड्यांत राहणाऱ्या भिल्ल व पावरा लोकांच्या डोळ्यांसमोर तें इतकीं वर्षें बसलेलें होतें. नंतर तें तोरणमाळ, यावल, मेळघाट येथें सांपडलें. २०१४ मध्यें तर मुंबईच्या उशाशीं तानसाच्या रानांतही आढळलें. लुप्त झालेलें पांखरू नव्हतें. त्याच्या वाटेनें चालणारे लुप्त झाले होते.

आंध्रांतील जेर्डनच्या धाविक पक्ष्याचीही अशीच कथा आहे. १९०० नंतर तो कोणा पंडिताला दिसला नाहीं. जानेवारी १९८६ मध्यें मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे लोक कडप्पा जिल्ह्यांत त्याच्या शोधांत असतां रेड्डीपल्लीजवळ तेथल्याच एका पांखरें धरणाऱ्या माणसानें तो रात्रीं हातानें धरून आणला. स्थानिक तेलुगूंत त्याला ‘कलिवि-कोडि’ असें नांव होतें. ज्याला नांव आहे तो हरवला कसा म्हणावयाचा?

आतां आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा कीं, गाडीला सरावलेलें जनावर पायीं चालणाऱ्या माणसाला बुजतें, म्हणून चालणारेच रानाला जास्त त्रास देतील. हा आक्षेप खरा आहे. जीप पाहून न उठणारा सांबर माणसाच्या नुसत्या सावलीनें उधळतो. म्हणूनच आमची मागणी गाभ्यांत झुंडी सोडण्याची नाहीं. बाहेरच्या पट्ट्यांत थोड्या ठरलेल्या वाटा, एका वेळीं पांचसहा माणसें, पिल्लें असलेल्या वाघिणीच्या बाजूची वाट बंद, सांज झाली कीं सर्व बंद. इतकें पाळल्यावर जो त्रास उरेल तो रोज शेंकडों माणसें घेऊन शिरणाऱ्या गाड्यांच्या त्रासाहून अधिक असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय जनावर बुजतें ह्यांत आम्हांस एक सोय दिसते. त्यामुळें त्याच्या जवळ जातांच येत नाहीं.

दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. अस्वल अवचित पुढें आलें तर काय? भीति आहेच, म्हणून तर जाणता वाटाड्या आणि सशस्त्र वनरक्षक हवा. पण ही भीति बोलून दाखविणारांनीं एका गोष्टीचा विचार करावा. चंद्रपूर जिल्ह्यांत मे महिन्यांत तेंदूची पानें तोडावयास बायका पहांटे रानांत जातात. २०२५ च्या मे महिन्यांत अशा कित्येक बायका वाघानें मारल्या. वर्तमानपत्रांत त्या बातम्या आल्या आणि दोन दिवसांत विरल्या. त्या बायका पायींच होत्या. त्यांच्या पुढें बंदूकवाला नव्हता. त्यांच्या चालण्याला कोणी सफारी म्हणत नाहीं. ज्या वाटांवर लोक पोटासाठीं रोज चालतात त्यांवरून वर्षांतून एकदां, रक्षक पुढें घेऊन, तीन तास चालण्याचें धैर्य सुशिक्षितांत नसेल, तर वाघ आणि माणूस यांनीं शेजारीं कसें राहावें ह्यावर व्याख्यानें देण्याचें धैर्य तरी त्यांनीं आवरावें.

म्हाताऱ्यांना व लहान मुलांना चालवत नाहीं, हें कोणीही मान्य करील. त्यांच्यासाठीं गाडी असूं द्या.

कोणी म्हणेल, ठसे वाचणें ही अंदाजपंचांची विद्या आहे. सरिस्क्याची आठवण देतील. ठशांवरून केलेल्या मोजणींत तेथें डझनाहून अधिक वाघ कागदावर नांदत होते, आणि २००५ मध्यें उघड झालें कीं रानांत एकही उरला नव्हता. त्यानंतर ठशांची मोजणी मागें पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धत आली, हें योग्यच झालें. परंतु सरिस्क्यांत वाळूंतला ठसा खोटें बोलला नाहीं. न उमटलेले ठसे वहींत चढविले गेले. आंकडा वरून हवा असला कीं खालून तो येतो. वाघ हवाच असला कीं वाटाड्या तो आणतो, त्यांतलीच ही गोष्ट. कॅमेरा कोठल्या झाडाला बांधावयाचा हें आजही ठसे वाचणाराच सांगतो.

पैशाचा आक्षेप मात्र जरा सावकाश पाहिला पाहिजे. वाघ दिसतो म्हणून लोक येतात, लोक येतात म्हणून पैसा येतो, आणि त्या पैशावर रान व रानाकडचीं गांवें तगतात. तेव्हां ‘दिसला का’ हा प्रश्न पुसून टाकाल तर रानच पुसलें जाईल, असें सांगण्यांत येतें. ताडोबापुरतें हें बरेंचसें खरें आहे. पण महाराष्ट्रांत ताडोबा एकच नाहीं. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७४ चा, देशांतल्या अगदीं पहिल्या प्रकल्पांपैकीं. विस्तार अडीच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे ताडोबाहून कितीतरी मोठा. तेथें वाघ आहे, अस्वल आहे, गवा आहे, रानपिंगळा आहे. पण डोंगर चढउतारांचे, सागवान दाट, आणि वाघ सहसा दिसत नाहीं. म्हणून तेथें ताडोबासारखी रीघ नाहीं. शहाद्याच्या टेकड्यांकडे तर कोणी फिरकतच नाहीं. केवळ ‘दिसण्या’वर पैसा मोजला कीं उघडी मैदानें व सरावलेले वाघ असलेलीं चार रानें श्रीमंत होतात, आणि जेथें जनावर रानासारखें राहतें, लपून राहतें, तीं रानें भिकेस लागतात. चालण्याला, शोधण्याला आणि वाटाड्याच्या विद्येला किंमत दिली तर मेळघाटच्या कोरकूलाही ती मिळेल. केरळांत पेरियारच्या रानांत गेल्या शतकाच्या अखेरीस हें करून पाहिलें गेलें : दालचिनीच्या सालीची चोरटी तोड करणारे लोक वाटाडे झाले, पाहुण्यांना पायीं रानांत नेऊं लागले, आणि पूर्वीच्या सोबत्यांच्या चोरवाटांवर पहारा करूं लागले. त्यांना रान शिकवावें लागलें नाहीं.

हें मासिक वाचणाऱ्या घरांत मारुती चितमपल्लींचीं पुस्तकें बहुधा असतातच. २०२५ च्या जून महिन्यांत ते निवर्तले, तेव्हां आमच्या सर्व नियतकालिकांनीं त्यांच्या भाषावैभवाची वाखाणणी केली. तें वैभव आलें कोठून? ते वनखात्यांत होते. नवेगावबांधच्या दिवसांत त्यांनीं माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या गृहस्थापासून पांखरांची विद्या घेतली, गोंड-ढीवरांच्या तोंडचीं नांवें टिपलीं, आणि हें सर्व चालतां चालतां केलें. मराठीला मिळालेले ते शब्द पायवाटेवर मिळाले. त्या पुस्तकांचीं पारायणें करावयाचीं आणि ज्यांच्यापासून तीं शिकलीं गेलीं त्यांच्या नातवाला जीपमध्यें पुढें बसवून "अरे, वाघ कुठें आहे?" म्हणून ओरडावयाचें, ही आमची साहित्यभक्ति!

तेव्हां आमचें मागणें इतकेंच आहे. जेथें चालण्याच्या वाटा देतां येतील तेथें वनखात्यानें त्या द्याव्या, आणि वाटाड्याचा मोबदला आधींच ठरवून पुरता द्यावा, म्हणजे तो इनामाकडे डोळे लावून बसणार नाहीं. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरच्या मचाणावर नागरिकांना बसविण्याचा जो उपक्रम आपल्या राज्यांत चालतो, तो आम्हांस आवडतो. कारण तेथें रात्रभर कांहींच न आलें तरी कोणास शिव्या देतां येत नाहींत. चालणाऱ्यांनीं रंगीबेरंगी कपडे, अत्तर आणि गप्पा घरीं ठेवाव्या. वाटाड्याला ‘ए’ म्हणूं नये. तो वयानें मोठा असेल तर काका म्हणावें, बरोबरीचा असेल तर दादा. त्याला आपल्या भाषेंत झाडाचें नांव विचारावें, आणि तें लिहून घ्यावें. एका जंगलाच्या फाटकावर अभिप्रायाची वही आम्हांपुढें आली होती. तींत पाहुण्याचें नांव, गाडीचा क्रमांक, आणि ‘कोणते प्राणी दिसले’ असे तीन रकाने होते. तिसऱ्यांत बहुतेकांनीं ‘वाघ’ किंवा ‘कांहीं नाहीं’ यांपैकीं एक लिहिलें होतें. वाटाड्याच्या नांवाला रकाना नव्हता. तो नव्या वहींत आंखावा, आणि गाडीच्या क्रमांकाच्या आधीं आंखावा.